टेकलेल्या वाक्यांचे वाघे सर

वाघे सरांमुळे माझी जीप चार महिने दारात उभी राहिली, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको की काशिनाथने ही गोष्ट लपवली. सर निवृत्त झाले म्हणून कॉलेजवाले त्यांच्यावर एक अंक काढताहेत. मला अर्धं पान दिलं आणि वर सूचना केली, "चांगलं चांगलं लिहा." मी म्हणालो, अर्ध्या पानात फक्त चांगलं मावतं, खरं लिहायचं तर जागा वाढवा. ते दोन पानांवर आले, मी दहावर अडलो आणि सहावर तोडलं. ही सहा पानं अशी भांडून घेतलेली आहेत. त्यामुळे यात सरांबद्दल जे चांगलं येईल, ते माझ्याकडून कोणी फुकट लिहून घेतलेलं नाही.

जव्हार–मोखाडा लाइनवर माझी जीप चालते. आधी दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर होतो, मग ड्रायव्हर झालो, मग स्वतःची गाडी घेतली. वर चढताना कोणी हात दिला नाही, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि तोंड तिखट. अकरा वर्षं वाघे सर माझ्या गाडीने मोखाड्याच्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायला जात. उंच, वाळकुडा माणूस. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, आणि बटणं मे महिन्यातसुद्धा लावलेली. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पुस्तक कधी दिसलं नाही. डबा आणि हातभर लांबीच्या कारवीच्या दोन काटक्या एवढंच असायचं.

ज्यांनी आमच्याकडे प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. आमची जीप घड्याळावर सुटत नाही, भरल्यावर सुटते. पहिला माणूस येऊन बसतो आणि शेवटचा येईपर्यंत कधी वीस मिनिटं जातात, कधी तास. त्या वेळात माणसं तंबाखू मळतात, मोबाइल बघतात, मला शिव्या देतात. सर मागच्या बाजूला आडव्या बाकावर बसायचे आणि तेवढ्या वेळात शिकवायचे. त्यांच्या कॉलेजची दहाएक मुलं-मुली त्याच गाडीला असायची. बाकीचे पाड्यांवरून बाजाराला किंवा मजुरीला निघालेले. त्यातलं कोणी शिकायला आलेलं नव्हतं, पण कान कुठे ठेवणार?

आणि शिकवायचं काय, तर वर्षानुवर्षं एकच. इंग्रजीत एका वाक्याला दुसरं वाक्य कसं लागतं. मी एकदा वैतागून म्हणालो, "सर, पुस्तकात बाकी धडे नाहीत का?"

"आहेत. ते वर्गात होतात," सर म्हणाले. "हा धडा गाडीतच कळतो."

शाळेच्या पुस्तकात अशा वाक्याला गौण वाक्य म्हणतात, आणि जे मुख्य असतं त्याला प्रधान. सर हे शब्द तोंडात घेत नसत. कोणी 'गौण' म्हटलं की त्यांचा चेहरा बदलायचा. सर कातकरी. ज्यांच्याकडे कधी जमीन नव्हती, जे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबले, त्या लोकांतले. गौण हा शब्द त्यांनी पुस्तकाच्या बाहेर बराच ऐकला असणार. ते म्हणायचे, "गौण कोणी नसतं. एक उभं असतं, एक टेकलेलं." मग गाडीतून उतरून एक काटकी मातीत रोवायचे आणि दुसरी तिला तिरकी टेकवायचे. "ही उभी. जीप जाईल. एवढं बोललं तरी भागतं. ही टेकलेली. भरल्यावर. हिला एकटी सोडली तर पडते. पण बघा, उभी काय सांगते? जाईल. बस. कधी जाईल, का जाईल, कोणासाठी थांबलीय, ते सगळं ह्या टेकलेलीच्या पोटात आहे."

टेकलेलं वाक्य ओळखायचं कसं, त्याचीही त्यांची रीत होती. "तोंडाशी कोणता शब्द आहे ते बघा. व्हेन, इफ, बिकॉज, ऑलदो, अनटिल, हू, विच. हे शब्द म्हणजे पुढे केलेला हात. हात दिसला की समजा, धरायला कोणीतरी हवंय. कोणीच नसेल तर बोलणं अर्धं राहिलं."

एकदा ठाण्याहून बांधकामावरचं काम संपवून परतलेला एक माणूस गाडीत बसला. शहरातली सवय, दर दोन मिनिटांनी, "ओ भाऊ, कब निकलेगी? टाइम बोलो ना!" तिसऱ्या वेळी अख्खी जीप एका आवाजात ओरडली, "व्हेन इट इज फुल!" त्यात भाजीवाल्या होत्या, एक पुजारी होता, आणि माझा क्लीनर लक्षाही होता. लक्षा पन्नाशीचा, सही करायची तर अंगठा उठवणारा.

सर मात्र नाराज. "अर्धं बोललात. हात पुढे केलात आणि माणसाला लटकत ठेवलंत. पुढे?"

"इट विल गो!" जीप ओरडली.

तो माणूस म्हणाला, "अरे, ये जीप है की स्कूल?"

"दोनी हाय," लक्षा म्हणाला. "पन हजेरी नाय घेत."

मुलांची एक चूक ठरलेली असायची. व्हेन इट इज फुल, देन इट गोज. ऑलदो रस्ता खराब, बट जीप जाते. सर म्हणायचे, ही चूक इंग्रज जन्मात करणार नाही, ती आपणच करणार, कारण आपली भाषा मायाळू आहे. 'जेव्हा' आला की 'तेव्हा' धावत येतो, 'जरी'ला 'तरी', 'जो'ला 'तो'. दोघांनी एकमेकांचे हात धरायचे ही आपली पद्धत. इंग्रजीत एकानेच धरायचा. दोघं धरायला गेले की पाय अडखळतात. ही चूक जो करील त्याने उठून दुसऱ्याच्या जागेवर बसायचं, असा त्यांचा नियम होता. गाडी सुटेपर्यंत निम्मे लोक उठून इकडचे तिकडे झालेले असत आणि म्हाताऱ्या बोंबलत, "आरं सर, ह्यांना शिकवा पन माझ्या टोपलीवर नका बसवू!"

स्वल्पविरामाचं तर त्यांनी आमच्याच धंद्यातून काढलं. टेकलेलं वाक्य आधी आलं की मध्ये थांबायचं, नंतर आलं की बहुतेक वेळा थांबायचं नाही. हे पोरांच्या डोक्यात शिरत नव्हतं. सरांनी लक्षाकडे बोट केलं. "माणूस आधी चढला, तर लक्षा काय करतो? दारावर थाप मारतो. मग गाडी निघते. ती थाप म्हणजे स्वल्पविराम. आणि गाडी निघाल्यावर कोणी मागून लटकला, तर थाप असते का?"

"नसते," पोरं म्हणाली.

"का नसते?"

लक्षाच म्हणाला, "कशाला मारू? गाडी तं चाललीच हाय."

सर त्या दिवशी एवढे खूश होते की उतरताना त्यांनी लक्षाला नमस्कार केला. लक्षा आठवडाभर सगळ्यांना सांगत होता की इंग्रजीतली एक खूण तो हाताने वाजवतो.

सरांमध्ये दोषही होते. बोलणं मध्येच तोडलेलं त्यांना खपायचं नाही. गाडी भरली, मी चावी फिरवली, तरी हात वर करून "थांब, वाक्य पुरं होतंय." मी चिडून भोंगा वाजवायचो, ते भोंग्याच्या वरून बोलायचे. विनोद त्यांना सांगता येत नसे. सांगून झाला की तो का विनोदी आहे ते समजावत. मोबाइलवर एका शब्दाचं उत्तर द्यायचं तर दहा मिनिटं, कारण त्यांना पूर्ण वाक्य लिहायचं असे. आणि मी पुढची सीट, म्हणजे ड्रायव्हरजवळची मानाची जागा, त्यांच्यासाठी राखली तर एकदाही बसले नाहीत. "तिथून पोरांचे चेहरे दिसत नाहीत," म्हणाले. माझ्याकडून काही घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. घेतलं नाही.

त्यांनी मला मात्र दिलं. मोखाड्याच्या स्टँडवर दुसऱ्या एका जीपवाल्याने माझ्या नंबरात गाडी घुसवली होती. मी त्याच्या आईपासून सुरुवात केली. सर शांतपणे ऐकत उभे होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा जवळ येऊन म्हणाले, "काशी, तू अकरा वाक्यं बोललास. सगळी उभी. उतर. मागे घे. हाड मोडीन. एकही टेकलेलं नाही."

"मग काय झालं?"

"मग भांडण मिटणार कसं? त्याला टेकायला जागाच नाही. एक तरी 'जर' टाक."

मी दात खात त्या माणसाला म्हणालो, "जर आत्ता मागे घेतलीस, तर दुपारचा माझा नंबर तुला." त्याने गाडी मागे घेतली. मी स्टिअरिंगवर बसून बराच वेळ विचार करत राहिलो. सौदा म्हणजे दुसरं काय असतं? जरच असतो. भाडं ठरवताना, गाडी विकत घेताना, अंकाची पानं मागताना मी तेच करतो. जे मी रोज हातात घेऊन फिरत होतो, ते मला पहिल्यांदा कोणीतरी नाव सांगून दाखवलं होतं.

आता सोनी मावशी. ती जामसरकडच्या एका पाड्यातली. जे मोसमात मिळेल ते मोखाड्याच्या बाजारात नेऊन विकायची. कंद, शेवळांची रानभाजी, खेकडे. सर एकदा पोरांना 'हू' शिकवत होते. "सोनी, हू सेल्स क्रॅब्स. बोला, वाक्य झालं का?"

"नाही."

"म्हणजे खेकडे विकणारी सोनी. पण तिचं पुढे काय?"

सोनी मावशी टोपलीवरून म्हणाली, "फुडं काय? आज खेकडं गावलं नाय. फुडं उपास!"

गाडी हसली. सरांनी लगेच वाक्य पुरं केलं, "सोनी, हू सेल्स क्रॅब्स, हॅज नो क्रॅब्स टुडे," आणि तिला अर्थ सांगितला. तिने तीनदा म्हणून घेतलं. मग म्हणाली, "माझा नाव येवढा लांब कुनी कदी सांगला नाय. सोनी म्हन्तात, नायतर ये बाय म्हन्तात."

आणि मग तो बाजाराचा दिवस. गाडीला परवानगी दहांची. त्या दिवशी एकोणीस होते. मी लपवत नाही. बाजाराच्या दिवशी सगळेच तसं नेतात, आणि न नेलं तर लोकच भांडतात. सर उशिरा आले. आत जागा नव्हती. ते मागे पायरीवर, लक्षाच्या शेजारी, एका हाताने कांब धरून उभे राहिले. घाटातल्या वळणावर समोरून एक टेम्पो माझ्या बाजूने आला. मी ब्रेक मारला, गाडी डावीकडे घेतली, आणि चाक गटारात उतरलं. वजन एवढं होतं की जीप हळूच, अगदी सावकाश, आडवी झाली. बाकीच्यांना खरचटलं. सोनी मावशी कडेला होती. तिची मांडी मोडली.

ती रडली नाही. सरांच्या मांडीवर डोकं ठेवून माझ्यावर ओरडत होती, "काशा, मेल्या, माझं खेकडं सुटलं बघ! धरा कुनी!" टोपली फुटून खेकडे रस्ताभर चालले होते आणि कॉलेजची पोरं, कोणाच्या कपाळातून रक्त येतंय, कोणाचा शर्ट फाटलाय, ती खेकडे गोळा करत होती. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

चौकशी लागली. परवान्याचा प्रश्न उभा राहिला. जीप हीच माझी शेती आणि हेच माझं घर. ती गेली तर मी पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर. एकेकाला विचारलं गेलं, किती माणसं होती? सगळे म्हणाले, "दहा-बारा असतील. मोजली नाय." मी कोणाला शिकवलं नव्हतं. सगळ्यांना उद्या परत माझीच गाडी लागणार होती, एवढंच. राहिले वाघे सर. शिकलेला माणूस, त्याच्या कागदाला वजन. त्यांना दोन कागद लिहायचे होते, एक मराठीत चौकशीसाठी, एक इंग्रजीत विमावाल्यांसाठी.

मी जव्हारला त्यांच्या खोलीवर गेलो. सरांच्या बायकोने, बाईंनी, कोरा चहा दिला. मी घरून सगळं ठरवून गेलो होतो.

"सर, मी खोटं लिहा म्हणत नाही," मी म्हणालो. "एकोणीस होते तर एकोणीस लिहा. फक्त ते टेकलेल्या वाक्यात घाला. गाडीत जास्त माणसं असली, तरी टेम्पो चुकीच्या बाजूने आला. उभ्या वाक्यात टेम्पो ठेवा. साहेब उभं वाक्य वाचतो, टेकलेल्यावरून त्याची नजर घसरते. हे तुम्हीच शिकवलंय, माझ्याच गाडीत."

सर हसले. मला पहिल्यांदा त्यांचे सगळे दात दिसले. आत हाक मारली, "अगं, ये इकडे. हा काय म्हणतोय ऐक. इतक्या वर्षांत कोणाला तरी कळलं!"

मला वाटलं, सौदा झाला.

सर खाली बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि सोनी? तिला कुठे बसवायचं?"

"तीपण टेकलेल्यात. 'ज्यात एका बाईला मार लागला' असं काहीतरी."

मग त्यांनी मला जनीबद्दल सांगितलं. एवढ्या वर्षांत गाडीत कधी काढलं नव्हतं.

"मी आश्रमशाळेत होतो," ते म्हणाले. "आमच्या पाड्यावर त्या वर्षी मुलं दगावली. त्यात माझी बहीण जनी. चार वर्षांची. नंतर बाहेरून लोक आले, विचारून गेले, लिहून गेले. दहावीला असताना वसतिगृहात त्यातला एक कागद माझ्या हाती आला. इंग्रजीत. मी डिक्शनरी घेऊन दोन दिवस बसलो. पाडा सापडला. जनी नाही सापडली. मुलं सापडली, सगळी मिळून, एका टेकलेल्या वाक्यात, चार शब्दांत. ज्या पाड्यावर मुलं गेली तिथवर गाडी जात नसल्याने त्या लोकांना बरंच चालावं लागलं, असं होतं ते. उभं वाक्य त्यांच्या चालण्याचं." जरा थांबून म्हणाले, "लिहिणारा वाईट नसणार. खोटंही काही नव्हतं. दमला असेल बिचारा. पण तेव्हापासून मी हे शिकवतो. पोरांना वाचताना कळायला हवं, कोणाला कुठे बसवलंय."

मी काय बोलायला हवं होतं ते आज मला कळतं. तेव्हा डोक्यात फक्त परवाना होता. मी ओरडलो, "सर, तुमची जनी गेली, त्यात माझ्या जीपने काय करायचं?"

बाईंनी माझ्या हातातला कप काढून घेतला. सर शांतपणे म्हणाले, "काही नाही. पण सोनी आहे."

दुसऱ्या दिवशी कागद द्यायला जाण्याआधी ते माझ्या घरी आले. तू आधी ऐक, मग मी देतो, म्हणाले. ओट्यावर उभं राहून त्यांनी वाचलं. सोनी या बाईंची मांडी मोडली. जीपमध्ये एकोणीस माणसं होती. सतरावा मी चढलो. जागा नव्हती. मी ते पाहिलं होतं. माझे विद्यार्थी त्याच गाडीत होते. मी त्यांना उतरवलं नाही. टेम्पो चुकीच्या बाजूने आला. काशिनाथने ब्रेक वेळेवर लावला. गाडी वजनाने आडवी झाली.

मी वाट बघत होतो, कुठे 'जरी', 'तरी', 'कारण' येईल. आलं नाही. ज्या माणसाने जन्मभर टेकलेली वाक्यं शिकवली, त्याने त्या पानावर एकही टेकलेलं वाक्य लिहिलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट आपल्या पायावर उभी होती. माझं ब्रेक लावणंसुद्धा, आणि त्यांचं स्वतःचं चढणंसुद्धा. माझ्यासारख्या माणसाला भांडायला कुठे तरी फट लागते. त्या कागदात फट नव्हती.

चौकशीच्या साहेबांनी म्हणे त्यांना विचारलं, "सर, ते 'मी चढलो' कशाला लिहिता? तुम्हाला कोणी विचारलं नाही. काढून टाका." सर म्हणाले, "राहू द्या." त्या वाक्यापायी कॉलेजने त्यांना लेखी ताकीद दिली. मुलं असलेल्या भरगच्च गाडीत स्वतः चढलात, म्हणून. ती त्यांनी घेतली आणि सही केली.

माझा परवाना चार महिन्यांसाठी गेला. जीप दारात उभी. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मी दुसऱ्याच्या टेम्पोवर गेलो. इतक्या वर्षांनी पुन्हा कोणीतरी मला "ए ड्रायव्हर" म्हणू लागलं. सर स्टँडवर दिसले की मी तोंड फिरवायचो. त्यांनी माफी मागावी अशी माझी अपेक्षा होती. आजही आहे. खरं बोलणाऱ्यानेसुद्धा ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे एकदा येऊन, "काशी, तुला त्रास झाला," एवढं म्हणावं. ते आले नाहीत.

पण मी टेम्पोतून त्यांना रोज बघत होतो. अपघातानंतर ते गाडीत अकरावे कधी चढले नाहीत. दहा झाले असले की मागे सरायचे. ड्रायव्हर चिडवायचे, "या सर, या! अकरावे या!" ते म्हणायचे, "पुढच्या गाडीला." पुढच्या गाडीतही तेच. मग एसटी. कित्येकदा कॉलेजला उशीर, उशिराचा शेरा. एकदा तर मी त्यांना अर्ध्या वाटेवर भर उन्हात चालताना पाहिलं, बाह्यांची बटणं लावलेली, पिशवी खांद्याला. टेम्पो थांबवावा असं मनात आलं. थांबवला नाही.

परवाना परत मिळाला त्या दिवशी माझ्या गाडीत पहिली कोण बसली असेल? सोनी मावशी. काठी टेकत आली आणि थेट पुढच्या सीटवर.

"मावशी, माझ्याच गाडीत?"

"मग कुनाच्या? तू आता भ्यालास. भ्यालेला मानूस बरा चालवतो." मग जरा खाली आवाजात म्हणाली, "काशा, सरांनी माझा नाव पयला लिवलाय म्हन्तात. कागदावर. सायबाच्या टेबलावर. खरं?"

"खरं."

"वाच ना मना कदी."

"माझ्याकडे नाही तो कागद," मी म्हणालो. पण मला तो पाठ होता. घाट चढता चढता मी तिला सगळा म्हणून दाखवला, पहिल्या वाक्यापासून. मावशी काठी दोन्ही हातांत घट्ट धरून समोर बघत होती.

तेव्हापासून मी दहाच माणसं घेतो. बाकीचे मला वेडा म्हणतात. मी सांगतो, परवान्याची भीती. खरंच भीती आहे, कोणी याचं कौतुक करू नये. सरही पुन्हा माझ्या गाडीला येऊ लागले, मागच्या बाकावर, काटक्या घेऊन. आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी ऐकत मात्र होतो. वर्षभर असंच चाललं.

निवृत्तीनंतर सर वावर गावाच्या पलीकडे, आपल्या पाड्यावर राहायला गेले. तिथे फोन लागत नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, मोखाड्याच्या स्टँडवर. गाडी जव्हारला निघायची होती आणि दहा झाले होते. लक्षाने दार लावलं. तेवढ्यात सर आले. गळ्यात हार, हातात शाल आणि नारळ, मागे पोरांचा घोळका.

गाडीतले सगळे एकदम ओरडले, "सरांना घ्या! आज सरांना घ्या!"

लक्षा म्हणाला, "आज रस्त्यावर कुनी सायेब नाय. चला सर."

सोनी मावशी काठी घेऊन पुढच्या सीटवरून उतरायला लागली. "मी उतरते. तुमी बसा. मना काय घाई हाय?"

"बस तू, मावशी," सर म्हणाले. "पायाला त्रास नको."

मी खाली उतरलो. वर्षभर धरून ठेवलेलं तोंड उघडलं. "सर, या. एक दिवस. आजचा दिवस चालतो."

सर माझ्याकडे बघत म्हणाले, "काशी, किती झाले?"

आयुष्यात पहिल्यांदा मला काही देताना समोरच्याने घ्यावं म्हणून गयावया करावीशी वाटत होती, आणि त्याचा मला संताप येत होता. जाता जातासुद्धा हा माणूस माझ्याकडून एक जागा घेणार नव्हता.

"किती?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"दहा."

त्यांनी मान हलवली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि मागे सरले. "जा तू. वाट बघताहेत सगळे."

मी गाडी काढली. आरशात दिसलं, सरांनी शाल दगडावर पसरली आणि तिच्यावर बसले. शेजारी टोपलीवाली एक बाई होती, ती त्यांना काहीतरी विचारत होती आणि ते वाकून ऐकत होते. मग वळण आलं.

त्या दिवशी पुढचा नंबर कोणाच्या गाडीचा होता, सरांना जव्हारला कोणी आणलं, हे मी स्टँडवर अजून कोणाला विचारलेलं नाही.